फ्रीमेसनांचा प्रांतिक ‘फेस्टिव्हल’: बाहेरच्या देणगीदाराच्या नजरेतून

इंग्लंड किंवा वेल्समध्ये फ्रीमेसन बंधुसंघाच्या एखाद्या सदस्याशी तुमचा घरोबा असेल, तर कधी ना कधी तुमच्या हाती एखाद्या भोजनसमारंभाचे निमंत्रण, सोडतीची तिकिटे किंवा देणगीचे छापील पाकीट येते आणि त्यावर ‘फेस्टिव्हल’ हा शब्द असतो. नावावरून एखाद्या संध्याकाळचा उत्सव वाटतो. प्रत्यक्षात ती साधारण पाच वर्षे चालणारी निधिसंकलनाची मोहीम असते. मी या संघाचा सदस्य नाही. पाहुणा म्हणून अशा एका मोहिमेच्या कार्यक्रमांना गेलो, पैसे दिले आणि ते पैसे पुढे कुठे जातात हे कागदपत्रांतून तपासले, एवढ्या अधिकारावर हे परीक्षण लिहीत आहे. ज्या प्रांताच्या मोहिमेशी माझा संबंध आला त्याचे नाव देत नाही, कारण खाली नोंदवलेले गुण-दोष प्रामुख्याने पद्धतीचे आहेत आणि ती पद्धत थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखीच आहे.

पद्धत समजून घेण्याजोगी आहे. युनायटेड ग्रँड लॉज ऑफ इंग्लंड या मध्यवर्ती संस्थेखाली लंडनबाहेरचा मुलूख चाळीसहून अधिक प्रांतांत विभागलेला असून प्रत्येक प्रांतावर एक प्रांतिक ग्रँड लॉज असते; तिच्या हाताखाली सदस्यांच्या स्थानिक शाखा, म्हणजे लॉज, असतात. लंडनसाठी २००३ पासून वेगळी मेट्रोपॉलिटन ग्रँड लॉज आहे. (परदेशातल्या अशाच विभागांना ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. भारतात १९६१ साली स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाली, तरी मुंबईतल्या काही लॉज अजूनही इंग्लंडच्या छत्राखाली आहेत.) मध्यवर्ती धर्मादाय संस्थेसाठी निधी उभा करण्याची जबाबदारी आळीपाळीने एकेका प्रांतावर येते. पाळी आलेला प्रांत उद्दिष्ट ठरवतो आणि आपल्या लॉजना कामाला लावतो. त्यानंतर महिन्याच्या स्टँडिंग ऑर्डरपासून (बँकेतून आपोआप जाणाऱ्या ठरावीक रकमेपासून) पायी सहलींपर्यंत नाना मार्गांनी पैसा जमत राहतो आणि शेवटी एका मोठ्या मेजवानीत एकूण रक्कम जाहीर होते. त्या मेजवानीलाच मूळचा ‘फेस्टिव्हल’ हा शब्द लागू होता. आता तो सगळ्या मोहिमेचे नाव झाला आहे.

हिशेब लॉजच्या पातळीवर ठेवला जातो आणि त्यासाठी १९८६ पासून ‘रिलीफ चेस्ट’ नावाची सोय आहे. मध्यवर्ती संस्था प्रत्येक लॉजच्या नावाने एक खाते उघडते, त्यात जमा होणाऱ्या देणग्यांवर करसवलतीची रक्कम सरकारकडून स्वतः मागवून घेते, व्याज जमा करते आणि लॉजला नियमितपणे हिशेब कळवते. ज्याने कधी एखाद्या मंडळाचे खजिनदारपद सांभाळले असेल त्याला या सोयीची किंमत वेगळी सांगायला नको. करखात्याशी पत्रव्यवहार करणे, प्रत्येक देणगीदाराचे घोषणापत्र जपून ठेवणे, वर्षअखेरीस ताळमेळ बसवणे ही कंटाळवाणी कामे गावोगावच्या हौशी कार्यकर्त्यांच्या डोक्यावरून उतरून एका कचेरीकडे गेली आहेत. सदस्यांकडे उरते ते फक्त मागणे आणि देणे. माझ्या मते या सगळ्या यंत्रणेतला हा सर्वांत भक्कम भाग आहे. बाहेरच्या माणसाला मात्र तो दिसत नाही आणि कार्यक्रमात त्याविषयी कुणी बोलतही नाही.

दुसरे बलस्थान असे की ही मोहीम रस्त्यावर डबा घेऊन उभी राहत नाही. पैसा मुख्यतः सदस्यांचा, त्यांच्या कुटुंबियांचा आणि निमंत्रित स्नेह्यांचा असतो. मोठ्या संस्था देणगीदार मिळवण्यासाठी दारोदार माणसे पाठवतात, दूरध्वनी करवतात, जाहिराती देतात आणि त्या खर्चाचा बोजा पहिल्या काही देणग्यांवर पडतो. इथे मागणारा आणि देणारा एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखतात, महिन्याला ठरलेली लहान रक्कम पाच वर्षे चालू राहते आणि त्यातून उभा राहणारा निधी स्थिर असतो. अर्थात ओळखीमुळे मागणे सोपे होते तसे नाही म्हणणे अवघडही होते. त्याकडे पुढे वळतो.

या संघाला निधी जमवण्याची परंपरा जुनी आहे. १७१७ साली लंडनच्या एका पबमध्ये चार लॉज एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज स्थापन झाली आणि १७८८ साली, प्रिन्स ऑफ वेल्सचे दंतवैद्य असलेल्या बार्थोलोम्यू रुस्पिनी यांच्या पुढाकाराने, निराधार झालेल्या मेसनांच्या मुलींसाठी शाळा निघाली. दहा वर्षांनी मुलांची सोय झाली, एकोणिसाव्या शतकात वृद्धांसाठी संस्था उभी राहिली. या संस्था वार्षिक मेजवान्यांवर चालत. प्रत्येक लॉजचा ‘स्टुअर्ड’ आपल्या लोकांकडून वर्गणी गोळा करून यादी घेऊन येई आणि भोजनानंतर कोणत्या स्टुअर्डने किती आणले ते सर्वांसमोर वाचून दाखवले जाई. त्या काळातील अनेक इंग्रजी धर्मादाय संस्थांप्रमाणे इथेही देणगीदाराला वर्गणीच्या प्रमाणात मते मिळत आणि कोणत्या अनाथाला प्रवेश द्यायचा किंवा कोणत्या विधवेला निवृत्तिवेतन द्यायचे याची चक्क निवडणूक होई. पोरक्या मुलाच्या आईने अनोळखी वर्गणीदारांना पत्रे लिहून मते मागत फिरायचे, हा प्रकार आज वाचताना अंगावर काटा येतो. ती पद्धत गेली हे बरे झाले. आता अर्जदाराची आर्थिक स्थिती तपासून मदत ठरते. यादी वाचून दाखवण्याची हौस मात्र रूप बदलून टिकली आहे.

आजच्या मोहिमेत ठरावीक रक्कम देणाऱ्या सदस्याला फेस्टिव्हलचे पदक मिळते आणि मोहीम संपेपर्यंत ते सभेत छातीवर लावता येते. रक्कम वाढली की पदकाची किंवा उपाधीची पायरी वाढते आणि सदस्यांच्या सरासरी देणगीनुसार लॉजनाही सन्मान मिळतात. पायऱ्यांची नावे प्रांतागणिक वेगळी असली तरी कल्पना एकच आहे. तिचा सर्वांत यशस्वी प्रयोग पहिल्या महायुद्धानंतरचा. युद्धात कामी आलेल्या तीन हजारांहून अधिक मेसनांचे स्मारक म्हणून लंडनच्या ग्रेट क्वीन स्ट्रीटवर नवी वास्तू बांधण्यासाठी दहा लाख पौंडांचे आवाहन केले गेले. आवाहन करणारे ग्रँड मास्टर, म्हणजे संघाचे प्रमुख, ड्यूक ऑफ कॅनॉट हे एके काळी मुंबई फौजेचे सरसेनापती होते. निदान दहा गिनी (पौंडाहून किंचित मोठे जुने परिमाण) देणाऱ्या सदस्याला ‘हॉल स्टोन ज्युएल’ नावाचे पदक मिळे आणि सरासरीने तेवढे देणारी लॉज कायमची ‘हॉल स्टोन लॉज’ ठरे. अशा लॉजचा मास्टर, म्हणजे प्रमुख, ते पदक आजही निळ्या फितीत गळ्यात घालतो. उद्दिष्टापेक्षा जास्त पैसा जमला आणि १९३३ साली इमारत पूर्ण झाली. आर्ट डेको शैलीतली ही वास्तू सर्वांना पाहता येते आणि संग्रहालयासाठी तरी अवश्य पाहावी.

पदकांचा हा मार्ग निधी जमवण्यासाठी अत्यंत परिणामकारक आहे यात शंका नाही, परंतु मला तो अर्धाच पटतो. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याला अजून थोडे द्यायला लावण्यासाठी पदक ठीक. पण ज्याचे निवृत्तिवेतन बेताचे आहे, त्या सत्तरीतल्या सदस्याची मोकळी छाती दर सभेत सर्वांना दिसते आणि पाच वर्षे दिसत राहते. कुणी त्याला काही बोलत नसेलही; सभ्य माणसे बोलत नाहीत. तरीही आपल्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदारांची नावे आणि आकडे कोरले की गावात जे होते, तेच इथेही होणार. गुप्तदानाची मोठाई सांगणाऱ्या संघाने याचा विचार करायला हवा. काही लॉजमध्ये चॅरिटी स्टुअर्ड, म्हणजे देणग्यांचे काम पाहणारे पदाधिकारी, कुणी किती दिले हे कटाक्षाने स्वतःपाशी ठेवतात असे मला सांगण्यात आले. पण पदकांच्या पायऱ्या ठेवल्या की ते मौन फारसे उपयोगाचे राहत नाही.

आता मुख्य प्रश्न: पैसा जातो कुठे? २०१६ साली शिक्षण, वृद्धसेवा, वैद्यकीय मदत आणि सामान्य दानधर्म सांभाळणाऱ्या चार जुन्या मध्यवर्ती संस्था एकत्र करून मेसॉनिक चॅरिटेबल फाउंडेशन उभे राहिले. फेस्टिव्हलचा निधी आता तिथे जातो. त्यातून एकीकडे अडचणीतले मेसन, त्यांच्या विधवा आणि मुले यांना घरखर्च, उपचार, शिक्षण आणि वृद्धापकाळातली देखभाल यांसाठी मदत मिळते, तर दुसरीकडे मेसनांशी काही संबंध नसलेल्या धर्मादाय संस्थांना अनुदाने दिली जातात. हवाई रुग्णवाहिकांना २००७ पासून नियमित देणग्या गेल्या आहेत. त्रिशताब्दीच्या २०१७ या वर्षात तर एकूण ३० लाख पौंड ३०० संस्थांना वाटताना कुणाला किती द्यायचे यासाठी जनतेचे मत घेतले गेले. एके काळी अनाथांची निवडणूक घेणाऱ्या परंपरेत हे मतदान संस्थांपुरते आले, हा बदल मला चांगला वाटला.

इमारती उभ्या करून त्या कायम चालवत राहण्यापेक्षा गरजूला थेट मदत करणे हे धोरण या संघाने किंमत मोजून स्वीकारलेले दिसते. लंडनच्या रेव्हन्सकोर्ट पार्क इथले त्यांचे स्वतःचे रुग्णालय १९३३ साली राजे पाचवे जॉर्ज यांच्या हस्ते सुरू झाले, राष्ट्रीय आरोग्यसेवा आल्यावरही स्वतंत्र राहिले आणि शेवटी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंद पडले. बुशीची मुलांची शाळा १९७७ मध्ये बंद झाली. रिकमन्सवर्थची मुलींची शाळा चालू आहे, पण ती आता सर्वांसाठी खुली आहे. वृद्धाश्रम मात्र आजही संघाशी जोडलेली एक स्वतंत्र कंपनी चालवते आणि त्या कामाची गरज कमी झालेली नाही.

बाहेरच्या देणगीदाराने इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण कार्यक्रमात ती धूसर राहते. लॉज ही धर्मादाय संस्था नव्हे. १९५७ साली होबर्न नगर परिषदेबरोबरच्या करविषयक खटल्यात आपले मुख्य काम धर्मप्रसाराचे असल्याने आपल्याला धर्मादाय संस्थेची सवलत मिळावी, हा युनायटेड ग्रँड लॉजचा दावा उच्च न्यायालयाने फेटाळला होता. धर्मादाय संस्था आहे ती फाउंडेशन, आणि तिच्यावर धर्मादाय संस्थांचे नियमन करणाऱ्या चॅरिटी कमिशनची देखरेख आहे. शिवाय बहुतेक प्रांतांचा स्वतःचा स्थानिक धर्मादाय निधीही असतो. एसेक्स प्रांताने २००१ मध्ये सुरू केलेली, रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात घाबरलेल्या लहान मुलांना टेडी अस्वल देण्याची योजना याच स्थानिक वळणाची असून ती पुढे इतर प्रांतांनीही उचलली. मी गेलो त्या समारंभात भिंतीवरची छायाचित्रे स्थानिक कामाची होती आणि टेबलावरची पाकिटे फेस्टिव्हलची. हा हेतुपुरस्सर केलेला प्रकार होता असे मी म्हणत नाही. परंतु आपण शेजारच्या हॉस्पिससाठी, म्हणजे अखेरच्या आजारातील रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेसाठी देत आहोत अशा समजुतीने अनेक पाहुण्यांनी पाकिटे भरली, हे त्यांच्या बोलण्यावरून उघड होते. तो पैसा लंडनच्या फाउंडेशनकडे जाणार होता. कदाचित त्यातला काही भाग फिरून त्याच हॉस्पिसला अनुदान म्हणून मिळेलही, पण द्यायच्या आधी हे सांगायला हवे होते.

करसवलतीविषयीही अशीच गल्लत होते. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्या व्यक्तीने ‘गिफ्ट एड’चे घोषणापत्र भरून १०० पौंड दिले, तर संस्थेला सरकारकडून आणखी २५ पौंड मिळतात. ४० टक्के दराने कर भरणाऱ्या देणगीदाराला फरकाचे २५ पौंड स्वतःच्या विवरणपत्रातून परत मागता येतात. ही सवलत निव्वळ देणगीला आहे. भोजनाचे तिकीट आणि सोडतीचे तिकीट ही खरेदी आहे, देणगी नव्हे, त्यामुळे त्यावर गिफ्ट एड नाही. म्हणजे ज्याला खरोखर मदत करायची आहे त्याने सोडतीची वीस पौंडांची तिकिटे घेण्यापेक्षा तेच वीस पौंड पाकिटात घालून घोषणापत्रावर सही केली, तर निधीत पंचवीस पडतात. तिकिटे घेतली तर वीसही पूर्ण पडत नाहीत, कारण कार्यक्रमात काढल्या जाणाऱ्या अशा सोडतीतून बक्षिसांसाठी ५०० पौंडांपर्यंत आणि आयोजनखर्चासाठी १०० पौंडांपर्यंत वजावट करण्यास कायदा परवानगी देतो. उलट, स्वतः कर भरत नसाल तर घोषणापत्रावर सही करू नका. सरकारने दिलेली जादा रक्कम तुमच्याकडून वसूल करण्याचा हक्क करखात्याला आहे. परदेशातून नुकतेच आलेले विद्यार्थी किंवा नोकरी न करणारे जोडीदार भिडेखातर सही करून मोकळे होतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आणि आता माझी खरी तक्रार. पाच वर्षांच्या शेवटी मोठ्या पडद्यावर एकच आकडा झळकतो, टाळ्या होतात, लोक उभे राहतात. त्या आकड्यात नियमित देणग्या किती, सरकारकडून आलेला गिफ्ट एड किती, मृत्युपत्रातून मिळालेली रक्कम किती आणि लॉजच्या जुन्या शिल्लकीतून वळवलेली किती, हे माझ्या हाती आलेल्या समारोपाच्या पुस्तिकेत नव्हते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या पैशाने पुढे काय होणार आहे याविषयी दोन-चार कृतज्ञतेच्या वाक्यांपलीकडे काही नव्हते. लपवाछपवी आहे असे नाही. फाउंडेशनचे वार्षिक हिशेब, तिने केलेली मदत आणि चार जुन्या संस्थांकडून आलेली गुंतवणूक हे सगळे चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत कुणालाही फुकट वाचता येते आणि मी ते वाचले. प्रश्न सांगण्याचा आहे. जमवण्याची गोष्ट सांगताना हा संघ इतका रंगतो की देण्याची गोष्ट सांगायची राहून जाते.

वेगळ्या तऱ्हेने सांगता येते हे लंडनच्या मेसनांनी दाखवले आहे. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीला २०१७ मध्ये लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली. त्यानंतर त्यांनी २५ लाख पौंड देऊन लंडन अग्निशमन दलाला ६४ मीटर उंचीपर्यंत पोचणाऱ्या शिड्यांच्या दोन गाड्या मिळवून दिल्या. त्याआधी हवाई रुग्णवाहिकेच्या दुसऱ्या हेलिकॉप्टरसाठी २० लाख दिले होते. पैसा कशासाठी, किती आणि मिळाले काय, हे तिन्ही एका वाक्यात मावते. विधवेचे गॅसचे बिल भरणे किंवा एखाद्या मुलाची शिकवणी चालू ठेवणे हे काम शिडीसारखे छायाचित्रात येत नाही हे मान्य. गोपनीयताही पाळावी लागते. पण नावे न घेता, गेल्या वर्षी या प्रांतातल्या किती घरांना कोणत्या प्रकारची मदत झाली एवढे एक पान छापायला कुणाची हरकत असणार? प्रत्येक लॉजमध्ये ‘आल्मनर’ नावाचा पदाधिकारी असतो. आजारी सदस्यांना भेटणे, विधवांची विचारपूस करणे, मदतीचा अर्ज भरून देणे हे त्याचे काम. मला भेटलेल्या सगळ्या पदाधिकाऱ्यांत हाच माणूस मला सर्वाधिक उपयुक्त वाटला आणि समारंभात त्यालाच बोलायला दिले नव्हते.

कार्यक्रमाविषयी थोडक्यात: व्यवस्था उत्तम, वेळ काटेकोर, भाषणे लांब. पाहुण्यांना संघात येण्याचा आग्रह कुणी केला नाही. महिलांचे स्वागत मनापासून झाले. या संघात सदस्यत्व पुरुषांनाच आहे आणि महिलांच्या वेगळ्या ग्रँड लॉज शंभराहून अधिक वर्षे चालू आहेत, हे मात्र विचारल्यावरच कळते.

तुम्ही स्वतः सदस्य असाल, तर महिन्याची छोटी स्टँडिंग ऑर्डर ही या मोहिमेला देण्याची सर्वांत चांगली रीत आहे असे मी निःसंकोच म्हणेन, कारण उद्या तुमच्याच घरावर वेळ आली तर हीच यंत्रणा दाराशी येणार आहे आणि ती ओळखीच्या माणसाच्या पावलांनी येते. तुम्ही पाहुणे असाल, तर भोजनाचा आनंद जरूर घ्या आणि ते पैसे करमणुकीच्या खात्यात धरा. देणगी द्यायची झाली तर आधी चॅरिटी स्टुअर्डला दोन प्रश्न विचारा: पाकिटातला पैसा प्रांताच्या स्थानिक निधीत जाणार की फाउंडेशनकडे, आणि फाउंडेशनकडे जाणार असेल तर गेल्या वर्षी या प्रांतात त्यातले काय परत आले. माझ्या स्टुअर्डला पहिल्याचे उत्तर तोंडपाठ होते. दुसऱ्यासाठी त्याने माझा पत्ता लिहून घेतला आणि पंधरवड्यात, सुवाच्य हस्ताक्षरात, दोन पानी उत्तर पाठवले. त्यातली माहिती समारोपाच्या पुस्तिकेत छापली असती तर माझी निम्मी तक्रार लिहावीच लागली नसती.